मोक बिदाची उसनी जीभ

"तुमी मीठ टाकलं का न्हाई, येवढंच सांगा मला."

"टाकलं आसंल."

"आसंल म्हंजी?"

"आगं, कायतरी पांढरं टाकलं बघ. आता ते मीठ हुतं का साखर, ते कसं सांगू? दोनी डबे आइस्क्रीमचेच."

मोक बिदानं, म्हणजे गावाच्या बिदामावशीनं, नवऱ्याकडं, हारोनकडं बघितलं, मग पातेल्याकडं बघितलं. घंगाळाएवढं पातेलं. आत नारळाच्या दुधात कुटलेल्या माशाचा पांढराधोप रस्सा रटरटत होता. हारोनचं जाऊ दे, आपण स्वतः मीठ घातलं की नाही, हेच तिला आठवेना. रोज तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की ती मूठभर मीठ सोडायची. आज नमाज पढून आली तोच शेजारच्या जाराहशी मांडवाच्या खांबावरून जुंपली. भांडता भांडता हात डब्यात गेला होता, की नुसता हवेत फिरत होता, कुणाला ठाऊक.

रमजानचा महिना. पूर्व किनाऱ्यावरच्या सेबेरांग ताकीर गावात नदीकाठी दुपार कलली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पालं पडतात, आणि उपाशी माणसं उपाशी माणसांना खाणं विकायला बसतात. बिदाकडं लक्सम. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या जाड वळकट्या, आपल्या सुरळीच्या वडीची थोरली बहीणच म्हणा. कापायच्या आणि वर हा रस्सा ओतायचा. हारोनची होडी होती तेव्हा समुद्र खवळला की ती महिनोन्‌महिने वाळूवर पालथी पडायची. चूल तर थांबत नाही. म्हणून बिदानं पातेलं चढवलं. पुढं होडी विकली, हारोनची पाठ धरली, आणि पातेलं तेवढं दरसाल थोडं मोठं होत गेलं.

रस्सा ती नाकानं जोखायची. आलं कच्चं राहिलं, मासा कालचा निघाला, दूध फाटायच्या बेतात आलं, सगळं नाक सांगायचं. पण मिठाला वास नसतो, तिथं सगळी गोची होती.

"जिभेच्या शेंड्याला लाव नि थुक," हारोन म्हणाला. "इमामसाब म्हनत्यात, सैपाकवाल्या बाईला चालतंय."

"चालतंय तर तुमी लावा."

"माजी जीभ बिडीनं कवाच गेली. मला मीठ नि माती सारखीच."

बिदा काही लावणार नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं तसं केलं होतं आणि थुंकायच्या आत घोट खाली गेला होता. तो रोजा ईदनंतर भरून काढला तो काढलाच, वर सासू जिवंत होती तोवर येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट ऐकायला मिळाली. तेव्हापासून रमजानात आपली जीभ रस्स्याला लागलेली नाही, असं बिदा स्वतःच बाजारभर सांगायची. आता अजान झाली की घराघरांत एकदम पहिला घास उतरणार, आणि तिचं नाव राहिलं की बुडालं ते अख्ख्या गावाला एकाच दमात कळणार होतं. गिऱ्हाइकं उभी राहायला लागली होती.

"मोक," कोंबडी तळता तळता जाराह म्हणाली, "आज विकायचा का नुसता वासच द्यायचा?"

"तू तुजी कोंबडी बघ. उडून जाईल."

एवढ्यात ते तिघं आले. नवरा-बायको तिशीतले, चिनी वंशाचे, बोलण्यावरून देशाच्या पश्चिमेकडचे. तिकडच्या इपोह शहरातून निघून किनाऱ्यानं गावोगाव खात खात चालले होते. नवरा कोक वाई. त्याच्या सगळ्या बोटांना पिशव्या लटकत होत्या, भाजला मासा, तळली केळी, गुलाबी सरबत. बायको सिउ लिन मागून आणखी एक पिशवी कुठल्या बोटाला बसेल ते बघत होती. मुलगी सिन यी, सहा वर्षांची, डोक्याला मोठी गवती टोपी.

"मावशी, हे काय आहे?" कोक वाईनं विचारलं.

बिदाचे डोळे चमकले. ह्यांना रोजा नाही. साऱ्या बाजारात मोकळ्या जिभा ह्याच.

"सांगते की. आदी ह्ये चाटून बग." तिनं वाटीत रस्सा पुढं केला.

"इथं? नको नको," सिउ लिन मागं सरली. "सगळे सकाळपासून उपाशी आणि आम्ही तोंडं हलवायची? बरं दिसतं का?"

"मी सांगतेय न्हवं?"

"तरी पण मावशी, लोक बघतायत."

"लोकं काय बघत्यात? आरं, तिकडं तोंडं करा सगळी." रांगेतल्या माणसांनी निमूट नदीकडं तोंडं केली. पण सिउ लिन मान हलवतच राहिली.

बिदा गुडघ्यावर हात ठेवून पोरीसमोर वाकली. "तू शानी दिसतीस. घोटभर घे."

"आई म्हणालीय, गाडीत बसल्याशिवाय काही खायचं नाही," सिन यी म्हणाली.

बिदा उठली. मांडवामागं हारोनची डबा-गाडी उभी होती. "ती काय हाय?"

"गाडी."

"मग बस जा."

पोरीनं आईकडं बघितलं. कुणाची गाडी, हे आईनं सांगितलेलं नव्हतं. सिउ लिनला हसू आवरेना. मायलेकी नारळाच्या पोत्यांत जाऊन बसल्या, बिदानं वाटी आत दिली आणि दारातच उभी राहिली. सिन यीनं एक घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं.

"सकाळी लाटेनं मला पाडलं ना, तसं लागतंय."

"म्हंजी तुमी बी टाकलं नि म्या बी टाकलं," बिदा हारोनला म्हणाली. "उठा. कोपऱ्यावरनं नारळाचं दूध आना. पाठ घरी गेल्यावर धरा."

हारोन दुधाची पिशवी घेऊन आला. बिदानं ते ओतलं, पाणी ओतलं, पातळ झालं म्हणून तांदळाचं पीठ कालवून लावलं. दुसरी वाटी आत गेली.

"आता छोटी लाट," आतून आवाज आला.

पुन्हा दूध. तिसऱ्या वाटीला काही आवाजच आला नाही. बिदानं डोकावून बघितलं तर पोर वाटी बोटानं पुसत होती.

"ह्याच्यात वळकटी का नाही घातली?"

"कवळी जीभ हाय," बिदा कोक वाईकडं वळली. "बापाची बी साक्ष पायजे."

कोक वाई सगळ्या पिशव्यांसकट, चोरासारखा गाडीत शिरला. रांगेतला एक म्हातारा नदीकडंच बघत म्हणाला, "गिळ गिळ. तुला थुकायचं बंधन न्हाई." थोड्या वेळानं कोक वाई तोंड पुसत बाहेर आला. "मावशी, तीन ताटांचं द्या. चार द्या."

तेवढ्यात जाराह झारा घेऊनच आली. आवाज एकदम मऊ.

"मोक, झालं आसंल तर त्या पोरीला जरा माज्याकडं धाड. मसाल्याची मला बी सकाळपासनं शंकाच हाय."

"आत्ता सांगतीस?"

"तुजं काय हुतंय बघत हुते."

पलीकडचा सांबारवालाही चमचा हलवून खुणावत होता. सिउ लिन लेकीला घेऊन निघाली, प्रत्येक पालामागं कुठली ना कुठली गाडी उभी होतीच. कोक वाई मागून चालला होता, आणि पिशव्या अडकवायला बोटं उरली नव्हती.

"बिदा," रांगेतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आज चाखलंस म्हनं?"

"म्या कशाला चाखू? मानूस ठेवलंय, इपोहचं." तिनं सुरीनं वळकट्या कापायला घेतल्या, पिशवीत रस्सा सोडला, हवा भरून रबर आवळलं. "फुडं सरका. कितीजनांचं?"