मागची सीट रिकामी असताना

“चारदा बघून झालंय, आई. गाडी सरळ चालते.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“तसं नाही गं. पण नाचता येईना अंगण वाकडं, असंही असतं की कधीकधी.”

हे मुलगा म्हणाला. सून इस्त्री करत होती. “अरे, आईंना असं काय बोलतोस?” ती म्हणाली, पण मान वर न करता.

सगळी वस्ती त्यांना पडदेवाल्या बाई म्हणे. तीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजून त्यांनी पडदे शिवले होते. नवरा होता तेव्हा गाडी तो चालवायचा आणि बाई मांडीवर वही नि टेप घेऊन शेजारी बसायच्या. तो गेला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या चालवायला शिकल्या. गाडी तेव्हाच म्हातारी होती. आता डोंगरापलीकडच्या एका हॉटेलनं चाळीस खोल्यांचं काम देऊ केलं होतं. एवढं मोठं काम त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वाट घाटातून, आणि गाडी डुलत होती.

“साठच्या वर गेली की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं,” त्या सांगत. “सावरायला जावं, तर दुसऱ्या अंगाला झोकांडी खाते.”

मुलानं काहीच केलं नाही असं नव्हे. टायर बदलून झाले, अलाइनमेंट झाली. पण दर वेळी तपासायला निघायचं म्हणजे गॅरेजचा मिस्त्री स्टिअरिंगवर, बाई शेजारी आणि मुलगा-सून मागे, कारण एवीतेवी गाडी निघालीच आहे तर त्यांना बाजारात उतरायचं असे. अशा वेळी गाडी शहाण्या बाळासारखी चाले.

“आमची हीसुद्धा अशीच,” मिस्त्री म्हणायचा. “चारचौघांत एकदम गोड.”

मागे दोघं खदखदून हसायची. बाई समोर बघत राहायच्या. खरंच हातात जोर राहिला नसेल का, असं त्यांना स्वतःलाही वाटू लागलं होतं.

गुरुवारी त्या एका दवाखान्याचे पडदे पोचवायला गेल्या. मागची सीट गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली. जाताना गाडी तक्रार न करता गेली. गठ्ठे उतरवून परत निघाल्या आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ती डुलायला लागली. बाईंनी ती कडेला घेतली. पडद्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या घालायच्या असतात, नाहीतर कापड वाऱ्यावर भरकटतं, हे त्यांनी हाताखालच्या कितीतरी मुलींना शिकवलं होतं. वजन नसलं की भरकटतं. मान वळवून त्यांनी रिकामी सीट बघितली.

तिथून त्या थेट गॅरेजवर गेल्या.

“एकटे जाऊन या,” त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. “मी बसत नाही.”

“अहो, तुम्ही नसलात तर दाखवणार कोण, काय होतं ते?”

“मी नसले तरच दिसेल.”

पंधरा मिनिटांनी तो परत आला आणि इंजिन चालू ठेवूनच उतरला. “बाई, ही असली गाडी घेऊन तुम्ही तीन महिने फिरताय?”

त्यानं गाडी वर उचलली, मागच्या चाकाजवळ लोखंडी पहार अडकवून दाब दिला. टक्कन आवाज झाला आणि चाक जागचं हललं. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यातले रबरी बुश पार फाटले होते. “मागे वजन असलं की दांडा दाबून बसतो,” मिस्त्री म्हणाला. “रिकामी झाली की सुटतो. आणि आम्ही आपले दर वेळी वरात घेऊन हिंडतोय.” मग पहार खाली ठेवत म्हणाला, “चुकलं आमचं.”

नवे बुश बसल्यावर बाई लांबच्या रस्त्यानं घरी आल्या. सत्तरला गाडी दोरीसारखी सरळ. “बघितलंत?” त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या सीटवर वही आणि टेप होती.

जेवताना मुलानं विचारलं, “काय म्हणाला मिस्त्री?”

“मागचे बुश गेले होते.”

“मग! किरकोळच निघालं.”

“चला, एक कटकट मिटली,” सून म्हणाली, आणि दोघं कपाट कुठल्या भिंतीला ठेवायचं त्यावर बोलू लागली.  कुणी आणखी काही म्हणेल असं बाईंना वाटलं होतं. मग त्यांनी आपलं ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं.

“आई, आता गाडी झाली ना नीट,” मुलगा तिकडूनच म्हणाला. “घे ते हॉटेलचं काम. रोज ये-जा कर.”

बाईंनी पदराला हात पुसले.

“काम घेतलंय, दुपारीच कळवलं. पण ये-जा करणार नाही. ते राहायला खोली देतायत. सोमवारी जाते, काम होईपर्यंत तिथेच राहीन. शिलाई मशीन खाली न्यायचंय, सकाळी हात लाव.”