रिकामा रॉड

दोन लाकडी ठोकळ्यांवर नुसता रॉड ठेवलेला होता. टोकांना प्लेटा नसल्या की तो फार उघडा दिसतो, भिंतीवरचं घड्याळ काढल्यावर मागे उरलेल्या खिळ्यासारखा. बऱ्याच दिवसांनी मी जिममध्ये परतले होते.

"मॅडम, जुनी वजनं विसरायची. रिकाम्या रॉडपासून सुरुवात," जिमचे सर म्हणाले. "मधे काही उचलत होतात?"

"नाही," म्हटलं.

खरं तर रोज आईला उचलत होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. "उचलते हं," म्हटलं की ती गळ्यात हात टाकायची. इथे वजन थोडंथोडं वाढवत न्यायचं, त्यालाच प्रगती म्हणायचं. घरी वजन उतरत गेलं, आणि मला काम सोपं होत गेलं. शेवटी शेवटी तर जोरच लागेना. तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आता ती नाही. रडू येत नाही. भूक लागते, झोपही लागते. बरी आहेस ना, असं लोक विचारत राहतात. मी बरीच असते.

रॉडपुढे पाय रोवले, गुडघ्यांत वाकले. लोखंड हाताला गार लागलं.

"उचलते हं," मी म्हणाले.

"हां, उचला," मागून सर म्हणाले.

मी उचलला नाही. गळ्यात हात पडायची वाट बघत तशीच वाकून राहिले.