कॉलेजचं स्थळ

आमच्या पोशीर गावात मुलीसाठी घर बघायची एक पद्धत होती. त्या पद्धतीनं माझं वाटोळं केलं, आणि तेही लग्नात नाही. लग्न तसं बरं झालं. वाटोळं झालं ते मेडिकल कॉलेज निवडताना.

पद्धत अशी. मुलीचा बाप, मामा आणि भावकीतला एक वडीलधारा असे तिघं स्थळाच्या गावी जायचे. आधी गावाबाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, माणसं कशी आहेत म्हणून. मग घरी जायचं, विहिरीचं पाणी पिऊन बघायचं, गोठ्यावर नजर टाकायची, जेवायला बसवतात की चहावर बोळवण करतात ते ध्यानात ठेवायचं. तोंडावर काही विचारायचं नाही. मुलगा पितो का, हे त्याच्याच बापाला कोण विचारणार? शेवटी नारळ-सुपारी घेतली की बोलणं संपलं. आणि मुलीला सोबत न्यायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

मी बारावी झाले ती ऐंशीनंतरची वर्षं. सरकारी कॉलेजचा प्रवेश थोडक्यात हुकला. त्याच सुमारास घाटावर खाजगी मेडिकल कॉलेजं निघायला लागली होती. डॉक्टर होण्यापलीकडे मला दुसरं काही सुचतच नव्हतं. वडिलांनाही तेच हवं होतं, इतकं की रस्त्यालगतचं भाताचं शेत विकायला ते तयार झाले. ते शेत विकलं की पुन्हा दुसरा डाव नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कर्जतला आमचे जीवशास्त्राचे सर होते. त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं, "इमारत बघू नका. दिल्लीच्या मेडिकल कौन्सिलची मान्यता मिळाली आहे का ते विचारा, कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. दवाखान्यात पेशंट येतात का बघा. पेशंट नसतील तर शिकणार कुणाकडून? आणि तिथल्या एखाद्या पोराला गेटबाहेर गाठून खरं काय ते विचारा." इतकं सोपं होतं सगळं. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

वडील म्हणाले, "सर शिकलेले हायेत, पण त्यांना रीत नाय ठावूक. पयल्याच भेटीत कागद दाखवा म्हटलं तर समोरचा काय म्हणंल? तुला त्यांच्याच दारात वर्सं काढायची हायेत."

"मग मी येते. मीच विचारते."

"तू कशाला गं? आमी मेलो काय?"

तर गेले तिघं. वडील, चुलत आजोबा आणि मामा. मामा माथेरानच्या एका हॉटेलात मॅनेजर होता. कोट घालायचा, मुंबईच्या साहेबलोकांशी इंग्रजीत दोन शब्द बोलायचा. त्यामुळे जग बघितलेला माणूस म्हणून आमच्या घरात त्याचाच शब्द चालायचा. जाताना अध्यक्षांसाठी नव्या तांदळाची पिशवी नेली. व्याह्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं!

परत आले ते खुशीत. टपरीवाल्यानं सांगितलं होतं, अध्यक्ष म्हणजे देवमाणूस. ती टपरी संस्थेच्याच जागेत होती, हे मला पुढे कळलं. आजोबा म्हणाले, पाणी गोड हाय आणि जेवण पुरणपोळीचं व्हतं. मामा तर बोलायचा थांबायलाच तयार नव्हता. "काय दवाखाना गं! रांगेनं खाटा, आणि चादरीवर एक सुरकुती नाय. आमच्या हाटेलात पण नाय ठेवत कोणी."

मी विचारलं, "आणि मान्यतेचं?"

वडील चिडले. "अध्यक्ष सोता गेटपर्यंत आले. नारळ-सुपारी दिली. ती घेतल्यावर वर काय विचारायचं?"

शेत गेलं आणि मी घाटावर गेले.

मला कळायला फार दिवस लागले नाहीत. चादरींवर सुरकुती नव्हती, कारण त्या खाटांवर कुणी झोपतच नव्हतं. वॉर्डात आमची पावलं वाजायची. शिकवायला येणारे डॉक्टर मनात आलं तर यायचे. दिल्लीची तपासणी आली त्या दिवशी जवळच्या वीटभट्टीवरची माणसं ट्रकमधून आणून खाटांवर निजवली. प्रत्येकाला केळी दिली. एका म्हातारीपाशी मला उभं केलं होतं. साहेब पुढच्या खाटेकडे सरकले तशी तिनं माझा हात धरला आणि कुजबुजली, "डाक्टरीणबाई, आता उठू का? भाकरी टाकायच्यात." मला डॉक्टरीणबाई म्हणणारी जन्मात ती एकटीच.

तपासणीवाले काही आंधळे नव्हते. मान्यता नाकारली गेली आणि पुढच्या वर्षी गेटला कुलूप लागलं. आम्ही पोरं-पोरी ट्रंका घेऊन रस्त्यावर उभे होतो आणि टपरीवाला तेवढ्यातही चहा विकत होता.

गावात सगळे म्हणाले, नशीब. मला त्या शब्दाचा अजून संताप येतो. दोन प्रश्न विचारायचे होते, ते विचारले नाहीत. यात नशिबाचा काय संबंध? वडिलांना मात्र शेवटपर्यंत उलगडलं नाही. अंथरुणाला खिळले तेव्हाही म्हणायचे, "असं कसं झालं गं? घर तर चांगलं व्हतं." मी त्यांच्यावर मनातून फार चिडायचे, आणि उठून त्यांची उशी नीट करायचे.

माझं लग्न खालापूरला झालं. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. फळ्यावर हृदयाची आकृती काढायची, कप्पे सांगायचे, घंटा झाली की पुसायची.

एका दुपारी मामा आला. त्याच्या धाकटीसाठी आमच्या तालुक्यातलं एक स्थळ बघून परस्पर माझ्याकडे आला होता. मी चहा ठेवला आणि विचारलं, कसं काय वाटलं?

"सोड गं. मोडून टाकलं. नवी गादी, नवी चादर, घडीची रेघसुद्धा गेलेली नाय. मी तिथंच तोंडावर इचारलं, खरं सांगा, या घरात राहतं कोण? घर चुलत्याचं निघालं, आमाला दाखवायला मांडलेलं." तो स्वतःवर खूश होऊन हसला. "बिछान्यात माणूस निजतो का नाय, ते मला दारातनं कळतं. हाटेलात जन्म गेला माझा. तुझ्या त्या दवाखान्यात पण शिरल्या शिरल्या समजलं व्हतं. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं की आमच्या खोल्या दिसतात तशाच त्या खाटा."

मी पातेलं खाली ठेवलं. "तेव्हाच समजलं होतं? मग बोलला का नाहीस?"

"अगं, तुझ्या बापाचं मन बसलं व्हतं. नारळ घेतलेला. मी बोललो असतो तर मामानं मोडता घातला, असं जन्मभर ऐकावं लागलं असतं. दुसऱ्याच्या पोरीच्या कामात मोडता कोण घालतो?"

"बाबा मरेपर्यंत विचारत होते, असं कसं झालं म्हणून. तू उशाशी बसलेला असायचास, मामा."

"नशीब गं एकेकाचं," मामा म्हणाला, आणि आणखी चहासाठी कप पुढे केला. मी तो भरला नाही.