रोडग्यांचा धूर

देवळी रोडवर मी अस्सल वऱ्हाडी जेवणाचं हॉटेल काढलं आणि पहिल्याच दुपारी स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावून घेतलं. आत स्वयंपाकाच्या शांताबाई गोवऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत होत्या.

रोडगे उघड्या शेतात भाजायचे असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मला चव गोवरीचीच हवी होती आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत धूरही जायला नको होता.

आजही कुठे गोवरी पेटल्याचा वास आला की मी त्या दुपारी जाऊन उभा राहतो. बाहेर मी वांग्याच्या भाजीवर तर्री ओतत मिरवतोय आणि आतला भांड्यांचा आवाज हळूहळू कमी होतोय. बाई निवांत बसल्या असतील, असं वाटून मला तेव्हा बरंच वाटलं होतं. आता त्या वासाबरोबर आधी ती शांतताच ऐकू येते.

मग दाराखालून पिवळट धूर सरपटत आला. मी हाक मारली, पण आतून ओ आली नाही. तर्रीचं भांडं टाकून मी धावलो आणि कडी काढली.

शांताबाई भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून पडल्या होत्या. मी आणि दोन गिऱ्हाइकांनी त्यांना उचलून अंगणातल्या बाजेवर आणलं. बऱ्याच वेळाने त्या खोकल्या, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हॉटेल राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी मोक्षधामात सरणं रचाले लागा."