पात्याला आलेलं पोट

तेहेतीस वर्षं मी लोकांवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतला आणि आता त्याचीच पेन्शन घेतो.

मी वजनमापे निरीक्षक होतो. तराजू, लिटरची मापं, कापडवाल्याची मीटरपट्टी, सगळं तपासायचं आणि चूक निघेपर्यंत तपासत राहायचं. निवृत्तीच्या समारंभात ‘गायकवाड साहेबांची नजर’ असा उल्लेख चार वक्त्यांनी केला. ती नजर ऑफिसातच जमा करून जायची असते, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मी ती घरी घेऊन आलो.

पहिल्या महिन्यात मी दुधाच्या पिशव्या मोजल्या. दुसऱ्या महिन्यात गॅसचं सिलिंडर. तिसऱ्या महिन्यात माझी बायको शीला म्हणाली, “अहो, या घरात कुणी काटा मारत नाही. जरा शांत बसा.” (ती शाळेत गणित शिकवते. तिची उत्तरं मी तपासत नाही.)

मी शांत बसलो आणि बसल्या बसल्या माझं लक्ष मुलीकडे गेलं.

आमची प्रज्ञा एकोणीस वर्षांची. लहानपणापासून चाकांचे स्केट घालून कात्रजच्या आमच्या सोसायटीत लोकांच्या अंगावर जायची. मग एका मॉलमध्ये बर्फाची छोटी रिंक झाली आणि ती चाकांवरून पात्यांवर गेली. पुण्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो, एवढीच मला माहिती. ती म्हणाली, “बाबा, मी आता आइस डान्स करतेय. जोडीनं असतो.”

“जोडीनं म्हणजे?”

“म्हणजे ओजस आणि मी. यात मोठ्या उड्या नसतात. जवळजवळ राहून नाचायचं. हात फार वेळ सोडायचा नाही.”

“हात न सोडण्याचा नियम आहे?”

“हो. जास्त वेळ सोडला तर गुण जातात.”

हा नियम कुणी केला असेल, याबद्दल मला लगेच काही शंका आल्या.

ओजस सदाशिव पेठेतला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. उंच, सडपातळ, आणि मला बघितलं की खुर्चीतून उठणारा. एवढा नम्र मुलगा मी नोकरीत एकदाच पाहिला होता. त्याच्या दुकानातली सात वजनं पोकळ निघाली होती.

मी सराव बघायला जाऊ लागलो. एकदा त्यांच्या प्रशिक्षकांना, राणे सरांना, बाजूला घेऊन विचारलं, “या दोघांच्यात किती अंतर असावं याचं काही मानक आहे का?”

“आहे ना,” सर म्हणाले. “जितकं कमी तितके गुण जास्त.”

मी वहीत लिहून घेतलं. त्याखाली रेघही मारली.

त्याच दिवशी सरांनी नवीन पात्यांचा विषय काढला. पुढच्या महिन्यात निवड चाचणी होती. निवडलेल्या जोडीला मोठ्या रिंकवर सहा आठवडे शिकायला मिळणार होतं. प्रज्ञाची जुनी पाती साधी, मागे लांब शेपूट असलेली. जवळून नाचताना ती शेपटी ओजसच्या पायात यायची आणि दोघं एकदम खाली बसायची. “डान्सची पाती घ्या,” सर म्हणाले. “बुधवार पेठेत आपटे आहेत. मागवूनही देतात आणि धारही तेच लावतात. दुसरीकडे कुठे जाऊ नका.”

‘दुसरीकडे कुठे जाऊ नका’ हे वाक्य ऐकलं की मी आजही सरळ होऊन बसतो.

आपट्यांचं दुकान इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, एका जिन्यावर. साठीचे गृहस्थ. मूळ धंदा डॉक्टरांच्या कात्र्यांना आणि चिमट्यांना धार लावायचा. त्यांनी खोक्यातून पाती काढून टेबलावर ठेवली. मी खिशातून स्टीलची पट्टी काढली. प्रज्ञानं तोंड खिडकीकडे केलं.

“आपटे, ही पाती आखूड आहेत.”

“आहेतच.”

“जुन्यापेक्षा मागे जवळजवळ इंचभर कमी.”

“बरोबर मोजलंत.”

“दोन्ही आखूड आहेत.”

“एकच आखूड दिलं असतं तर तुमची तक्रार मला समजली असती.”

मी जाडी मोजली. “जाडीपण कमी.”

“डान्सची आहेत हो. शेपूट कमी, म्हणजे पायात येत नाही. पातळ, म्हणजे चटकन वळतं.”

“म्हणजे माल कमी, आणि तोच गुण.”

“तुम्ही कशात होतात?” आपट्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तरीच,” ते म्हणाले.

मी पावतीवर लांबीचा उल्लेख मागितला. आपट्यांनी सावकाश लिहिलं : ‘पाती आखूड आहेत. आखूडच हवीत. ग्राहकाच्या मुलीला हे ठाऊक आहे.’ खाली सही केली. मग त्यांनी पात्यांना धार लावली, प्रज्ञाच्या नवीन बुटांना बसवली, आणि आम्ही निघालो. जिन्यात प्रज्ञा म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी मी ओजसबरोबर येईन.”

नवीन पात्यांवर दोघं सुरेख नाचायला लागली. अडखळणं बंद, पडणं बंद. दोघांमधलं अंतर इतकं कमी झालं की मला बसल्या जागेवरून ते मोजता येईना. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता, पण चाचणीआधी सरांनी दोन दिवस सराव बंद ठेवला, बूट घरी होते, प्रज्ञा कॉलेजात होती, शीला शाळेत होती आणि मी भिंगासह एकटाच होतो.

मी पातं उलटं करून बघितलं, भिंग पुसून पुन्हा बघितलं. त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाच होती. दोन कडा शाबूत आणि मधला माल गायब! आपट्यांनी धार लावता लावता मधलं पोलाद खाल्लं होतं. दुसऱ्या पात्यालाही तेच.

मग मी पातं काचेच्या टीपॉयवर उभं धरलं. ते डोललं. पुढे दाबलं की मागून उचले, मागे दाबलं की पुढून. पात्याला चक्क पोट आलं होतं. तेहेतीस वर्षांत डोलणाऱ्या वस्तूला मी पास केलेलं नाही. माझी मुलगी दोन दिवसांनी परीक्षकांसमोर या असल्या मालावर उभी राहणार होती, आणि घरात ते कळलेला माणूस मी एकटा होतो.

मी स्क्रू काढले, डावं-उजवं लिहून पुड्या केल्या आणि पाती घेऊन स्वारगेटजवळच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्याचा मालक खरात, माझ्या खात्याची वजनं घासून द्यायचा. हातात कमालीची सफाई.

“जयभीम साहेब. काय हाय हे?”

“ही पाती. सपाट करायची. खाच जायला पाहिजे आणि पोट जायला पाहिजे.”

खरातनं पातं उजेडात धरून फिरवलं. “साहेब, हे कुणीतरी मुद्दाम असं केलंय.”

“मुद्दाम केलंय म्हणूनच तुझ्याकडं आणलंय.”

“तसं न्हाई. म्हंजे असंच पाहिजे असंल.”

“खरात, तू घास.”

त्यानं घासलं. काय काम केलं होतं! टीपॉयवर ठेवलं तर खाली कागद जाईना. मी पाती परत बसवली, स्क्रू आवळले, बूट होते तसे पिशवीत ठेवले. प्रज्ञाला काही सांगितलं नाही. चाचणी झाल्यावर, ती खूश असताना, सांगायचं असं ठरवलं होतं.

चाचणी सकाळी दहाला, मॉल उघडण्याआधी. नवाला प्रज्ञा आणि ओजस सरावाला उतरली. प्रज्ञानं पहिलं पाऊल टाकलं आणि वळायला गेली. ती वळली नाही. ती उभीच्या उभी आडवी सरकत गेली, जशी ओल्या फरशीवरून साबणाची वडी जाते, आणि कठड्याला जाऊन थडकली. ओजस धावला. तिनं परत उभं राहून बघितलं. परत तेच.

ती कठड्याशी बसली, बूट उलटा केला आणि पात्यावरून बोट फिरवलं. मग तिनं मान वर करून आधी ओजसकडे नाही, सरांकडे नाही, थेट माझ्याकडे बघितलं.

“बाबा, तुम्ही याला हात लावलात?”

“मी हात लावला नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं. हात खरातनं लावला होता.

तेवढ्यात राणे सर आले. “काय झालं? पात्याला काय केलं?”

ओजस शांतपणे म्हणाला, “सर, माझ्याकडून झालं. स्कूटरवरून नेताना पिशवी पडली आणि घासली गेली.”

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, हे सांगायची लाज वाटते. मनात आलं, हा मुलगा किती सराईतपणे खोटं बोलतो!

सरांनी मला बूट देऊन आपट्यांकडे पिटाळलं. प्रज्ञानं आईला फोन करून जुन्या पात्यांच्या बुटांची जोडी आणायला सांगितलं. मी रिक्षानं बुधवार पेठेत पोचलो तेव्हा आपटे शटर वर करत होते. त्यांनी पातं बघितलं, मग मला बघितलं.

“सपाट केलीत.”

“पोट होतं त्याला. आणि खाच.”

आपटे आत गेले. कुणाचं तरी तयार पातं आणलं, त्याच्या दोन्ही कडांवर एक छोटी पट्टी आडवी ठेवली आणि ते खिडकीसमोर धरलं. “दिसतंय? पट्टीखालून उजेड येतोय तीच खाच. तिच्यामुळे दोन धारा होतात. आतली आणि बाहेरची. मुलगी एका वेळी एका धारेवर उभी असते. आणि ते पोट वळण्यासाठी. बर्फावर वळायचं असतं गायकवाड, रूळ टाकायचे नसतात.”

“मग आता?”

“आता यांच्यावर थालीपीठ उलटेल छान. घरी न्या.”

“दुरुस्त?”

“वरचं पोलादच राहिलं नाही. नवीन मागवतो.” मग म्हणाले, “काम मात्र सुंदर आहे हं. कुणी केलं?”

मी परत पोचलो तेव्हा शीला कठड्याशी उभी होती. ती जुनी जोडी घेऊन आली होती आणि दोघं त्यावर नाचायला उतरलीही होती. तिच्याजवळ उभा राहून मी बघत होतो. जुन्या पात्यांची शेपटी पायात येऊ नये म्हणून ओजस प्रज्ञापासून चांगला हातभर लांब राहत होता. पूर्ण नाचभर. महिनाभर मी ज्या अंतरासाठी झुरत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते बघवत नव्हतं. दोघं रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसांसारखी दिसत होती.

निवड झाली नाही. परीक्षकांचा शेरा होता : ‘जोडीत परस्परांवर विश्वास दिसत नाही.’ महिन्याभरानं पुन्हा या, असं सांगितलं.

प्रज्ञा रडली नाही, ओरडलीही नाही. बूट काढता काढता एवढंच म्हणाली, “मला विचारायचं होतंत, बाबा. मी सांगितलं असतं.” दुधवाल्यानं, पंपवाल्यानं, तेहेतीस वर्षांत कुणीही मला इतकं उघडं पाडलं नव्हतं. शीलानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते जास्त लागलं.

मी ओजसला गाठलं. “तू सरांना खोटं का सांगितलंस?”

“काका, तुमचं नाव सांगितलं असतं तर सरांनी तुम्हाला रिंकवर येऊ दिलं नसतं.”

“मग बरंच झालं असतं की.”

“हो,” तो म्हणाला, “पण प्रज्ञा तुम्ही असलात की बरी नाचते.”

यावर मला एकही शंका सुचली नाही. मी सरळ राणे सरांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि स्क्रूसुद्धा तुम्हीच परत बसवलेत?” मी हो म्हटल्यावर त्यांनी एक खुर्ची ओढून घेतली आणि ते खाली बसले.

नवीन पाती आली. पुन्हा आखूड, पुन्हा पातळ. धार लावायला प्रज्ञा आणि ओजस गेली. मी जिन्याच्या पायथ्याशी थांबलो, कारण वर येऊ नये असा आपट्यांचा निरोप होता. महिन्याभरानं दोघं पुन्हा चाचणीला उतरली आणि अशी नाचली, की त्यांच्यात अंतर आहे की नाही हे बघायचं मी विसरूनच गेलो. निवड झाली. शीलानं माझा हात धरला. (फार वेळ सोडलाही नाही.)

आता दोघं सहा आठवड्यांसाठी निघाली आहेत. बुटांसाठी प्रज्ञानं नवीन पिशवी घेतली आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली ओजसकडे असते. काल ती पिशवी हॉलमध्ये एकटीच होती. मी कुलूप दोनदा ओढून बघितलं. पक्कं आहे.