बाबांचा हात आणि टबचा हीटर

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. एका हॉटेलनं काढून टाकलेला जुना हॉट टब मी पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी आणला. पक्षाघातानंतर बाबांची उजवी मूठ आवळलेलीच राहायची आणि डॉक्टरांनी गरम पाण्यात हात सैल करायला सांगितलं होतं.

टबचा हीटर जळालेला निघाला. माझी बायको आयटीआयमध्ये वायरिंग शिकवायची. तिनं नागपूरहून नवा हीटर मागवला, मेन स्विच बंद केला आणि जुना खोलला. त्यावर क्षारांचा जाड पांढरा थर होता.

"काहून येवढा खटाटोप करून राहिली? करंट लागला तं?" आई म्हणाली.

"नाही लागत आई. अर्थिंग पाहिलं मी."

नवा हीटर बसवल्यावर पाणी तापलं. वीज बंद करून आम्ही बाबांना टबमध्ये बसवलं. आई त्यांचा हात पाण्यात धरून राहिली. हळूहळू अंगठा सुटला, मग एकेक बोट. बाबा स्वतःच्या तळहाताकडे अनोळखी वस्तू पाहावी तसे पाहत होते.

"रेषा तशाच आहेत वो," आई कुजबुजली.

बाहेर आल्यावर मूठ पुन्हा मिटली. पण त्या दिवशी कोणाला जेवायची आठवण राहिली नाही.