बॅनरवरचा डोळा

“हिचा उजवा डोळा मांजरीवानी काहून चमकते ओ, आई?”

वहिनी स्वयंपाकघरात माझ्या आईला विचारत होती. मी बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसले होते. ऐकू आलंच नाही असं दाखवत.

त्या दुपारीबद्दल परवापर्यंत मी कुणाशीच बोलले नव्हते. तुमच्याशीही अर्धंच बोलावं असं मनात येतं — अर्धं बोलायची मला सवय आहे. तिचीच आता किळस येते.

परी माझ्या भावाची मुलगी. तिचा पहिला वाढदिवस होता, आणि आमच्या अकोल्यात पहिल्या वाढदिवसाचा बॅनर चौकात लागतो. मधे बाळाचा मोठा फोटो, खाली काका-मामांचे चेहरे. घरात असली कामं माझी. फोटो निवडताना मला ते दिसलं. फ्लॅशमध्ये डावी बाहुली लाल, उजवी पांढरी — दुधाचा थेंब पडावा तशी. एकाच फोटोत नाही, बऱ्याच फोटोंत.

मी इंग्रजीत शोधलं. लिहिलं होतं, डोळ्याच्या आत कॅन्सर असू शकतो, बाळाला ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मला नीट समजलं नाही असं म्हणू का? समजलं होतं. समजलं म्हणूनच तर फोनमधून ते शोधलेलं पुसून टाकलं.

मग परीच्या डाव्या बाहुलीतला लाल रंग काळा केला, तो डोळा कॉपी केला, उलटा केला आणि उजव्यावर बसवला. सुंदर जमलं.

वाढदिवसाला अमरावतीचे पाहुणे येणार होते — मला बघायला. जेवणाच्या निमित्तानं मुलगी पाहून होईल, असं ठरलं होतं. या घरात लेकरांच्या डोळ्यांत काही दोष आहे, असं त्यांच्या मनात यायला नको होतं. मुलगा मला फोटोत आवडला होता. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

तेवढ्यात वहिनी फोन घेऊन माझ्याकडे आली. “पाह्य ना जरा. तू इंग्लिश मीडियमची, तुले समजते.”

“फ्लॅशमुळे होतं तसं. सगळ्यांच्याच फोटोत येतं.”

“तुह्या मोर्शीच्या माहेरचे सगळेच भेदरट,” आई आतून म्हणाली, आणि वहिनी हसली. “मी येडीच. उगाच जिवाले घोर.” तिचा चेहरा असा सैल झाला — तो मी पाहिला, आणि बॅनर छापायला पाठवला.

वाढदिवसाला मुलाची आई बॅनरखाली थांबून म्हणाली, “काय डोळे आहेत पोरीचे!” मी लाजून थँक्यू म्हटलं. थँक्यू. तो शब्द आठवला की तोंड धुवावंसं वाटतं.

सोयरीक जमली नाही. जमली असती तर हे लिहिलं असतं का मी?

पुढे परीचा डोळा तिरपा होऊ लागला. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी शेजारी उभी होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? आणखी काही महिने गेले, मग नागपूरला नेलं. जीव वाचला. डोळा काढावा लागला. लवकर आणलं असतं तर कदाचित डोळाही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते वहिनीकडे बघून म्हणाले.

तो बॅनर आईनं टाकला नाही. पावसाळ्यात गच्चीवरच्या कूलरवर पांघरलेला असतो. परीचे दोन्ही डोळे त्यावर सारखे, काळेभोर. मी वाळत घातलेले कपडे आणायलाही वर जात नाही.

परवा चांदूर रेल्वेहून वहिनीची मावशी आली. वहिनी परीचा नकली डोळा धूत होती, आणि प्रत्येक पाहुण्याला सांगते तेच तिलाही सांगत होती. “माय असून मले दिसलं नाही, मावशी. अशी कशी मी आंधळी?”

दर वेळी हे वाक्य येतं तेव्हा मी चहा घेऊन आत येते, आणि कप ठेवून निघून जाते. या वेळीही ट्रे हातात होता. मी तो खाली ठेवला.

“तुले दिसलं होतं, वहिनी,” मी म्हणाले. “मलेही दिसलं होतं. काय असू शकते, ते मी वाचलं होतं. मी तुह्याशी खोटं बोलली, अन् बॅनरवरचा तिचा डोळा मीच बदलला.”